शून्य ते शंभर: दोन देशी स्पोर्ट्स कार आणि आपला मुरबाडचा रस्ता



मेसमध्ये जेवणाची वाट बघताना दोन विषयांवर हमखास वाद होतो. पहिला क्रिकेट आणि दुसरा "कुठल्या गाडीला पिकअप जास्त". क्रिकेटवर लिहायला या अंकात बरेच जण आहेत, म्हणून दुसरा विषय मी घेतला. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे रूमवरची पोरं मला पंच समजतात. एक म्हणतो हॉर्सपॉवर बघ, दुसरा म्हणतो टॉर्क बघ, तिसरा मोबाईलवर व्हिडिओ लावतो आणि म्हणतो, हे बघ, पुरावा. पण गाडी शून्यावरून शंभरावर नेमकी कशाच्या जोरावर जाते हे कुणीच सांगत नाही. ते सांगण्यासाठी हा लेख. अकरावीचं फिजिक्स आठवत असेल तर बाकी काही लागणार नाही. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनीही घाबरू नये, इथे व्हायवा नाही.

फेरारी आणि लॅम्बॉर्गिनी सगळेच घेतात, म्हणून मी मुद्दाम आपल्या देशात बनलेल्या दोन स्पोर्ट्स कार निवडल्या. आज दोन्हींचं उत्पादन बंद आहे, पण त्यांच्यावरून जेवढं शिकता येतं तेवढं परदेशी गाड्यांच्या पोस्टरवरून शिकता येत नाही.

ओळख परेड

पहिली गाडी सॅन स्टॉर्म. १९९८ साली बंगळुरूच्या सॅन समूहाने ती बाजारात आणली. दोन दरवाजे, उघडं छप्पर आणि फायबरग्लासची हलकी बॉडी. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर, टॉर्क ९३ न्यूटन मीटर. इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. आज ६० हॉर्सपॉवर म्हटलं की हसू येतं, कारण साध्या घरगुती गाडीत त्याहून जास्त असते. पण गाडी हलकी होती, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दुसरी डीसी अवंती. मुंबईचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांची ही गाडी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली आणि पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झाली. म्हणजे जवळजवळ आपल्या गावचीच. हिच्यातही इंजिन रेनॉचंच, पण दोन लिटरचं आणि टर्बोचार्जर लावलेलं. ताकद २५० हॉर्सपॉवर, टॉर्क ३४० न्यूटन मीटर, सहा गिअर. इंजिन सीटच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना. वजन मात्र दीड टनाच्या वर. शून्य ते शंभरसाठी कंपनीचा दावा सुमारे ६ सेकंदांचा होता.

हिशोबासाठी ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून स्टॉर्म ९०० किलो आणि अवंती १६५० किलो समजू. आता वही काढा.

ऊर्जेचा जमाखर्च

गाडीला वेग देणं म्हणजे तिच्या खात्यात गतिज ऊर्जा जमा करणं. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. आकडे घातले की स्टॉर्मसाठी सुमारे ३४७ किलोज्यूल येतात आणि अवंतीसाठी ६३७ किलोज्यूल.

ही ऊर्जा भरणारा नळ म्हणजे इंजिन. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. स्टॉर्मचा नळ सेकंदाला ४५ किलोज्यूल सोडतो, अवंतीचा १८६. भागाकार करा:

स्टॉर्म: ३४७ भागिले ४५, म्हणजे ७.७ सेकंद.
अवंती: ६३७ भागिले १८६, म्हणजे ३.४ सेकंद.

लगेच कुणीतरी म्हणेल, "अरे, कंपनीच सहा म्हणते, तू साडेतीन कुठून आणलेस?" बरोबर आहे. हा आदर्श हिशोब झाला. नळ पहिल्या क्षणापासून पूर्ण उघडा आणि एक थेंबही सांडत नाही असं आपण धरलं. खऱ्या गाडीत तसं होत नाही. इंजिन पूर्ण ताकद ठराविक आरपीएमलाच देतं, त्याच्या खाली आणि वर कमी देतं. गिअर बदलताना क्लच दाबला की तेवढा वेळ नळ बंद. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये थोडी ताकद उष्णतेत जाते. चाकं, फ्लायव्हील आणि शाफ्ट यांनाही फिरवायचं असतं, त्यांचं वेगळं खातं. वर हवेचा विरोध आहेच.

हे सगळं एकेक करून मोजता येतं, पण मेसच्या रांगेत उभ्या माणसासाठी एक सोपा ठोकताळा आहे: आदर्श वेळेची दुप्पट करा. अवंती ६.८ सेकंदांवर येते, कंपनीच्या दाव्यापासून फार लांब नाही. स्टॉर्म साडेपंधरावर. ठोकताळा तपासायला जगातली एक नावाजलेली गाडी घेऊ. पोर्शे ९११ टर्बो एस, २०२० चं मॉडेल: ६५० हॉर्सपॉवर, वजन १६४० किलो. ड्रायव्हर धरून हिशोब केला तर आदर्श वेळ १.४ सेकंद, दुप्पट २.८. कंपनीचा आकडा २.७. म्हणजे ठोकताळा वाईट नाही.

आता "हॉर्सपॉवर की वजन" या वादाचा निकाल बघा. अवंतीची ताकद स्टॉर्मच्या चौपटीहून जास्त, पण वेळ चौपटीने कमी होत नाही, सव्वादोन पटीने होतो. कारण अवंती जवळजवळ दुप्पट जड आहे. कमावलेलं अर्धं वजनानेच खाल्लं. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना नुसती ताकद विचारायची नाही, टनामागे किती ते विचारायचं. स्टॉर्म टनामागे ६७ हॉर्सपॉवर, अवंती १५२. बास. मेसमधला अर्धा वाद इथेच मिटतो.

टॉर्कवाल्यांचं काय?

टॉर्कवाली पोरं चूक नाहीत, फक्त अर्धंच सांगतात. इंजिनचा टॉर्क थेट रस्त्यापर्यंत पोचत नाही. मध्ये गिअर असतात. सायकलने माहुलीच्या पायथ्याचा चढ चढताना आपण मोठ्या दात्यावर येतो, पाय जास्त फिरतात पण जोर वाढतो, तसंच हे.

समजा पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून स्टॉर्मचा टॉर्क १४ पट होतो आणि अवंतीचा १३ पट. गळती वजा करून चाकाच्या त्रिज्येने भागलं की स्टॉर्मची चाकं रस्त्याला सुमारे ३९५० न्यूटनने ढकलतात आणि अवंतीची ११,४०० न्यूटनने. वस्तुमानाने भागा. स्टॉर्मचं त्वरण ०.४५ जी, अवंतीचं ०.७ जी. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८ वालं.

म्हणजे सुटताना टॉर्क गुणिले गिअर महत्त्वाचं, आणि वेग वाढत गेला की हॉर्सपॉवर महत्त्वाची. दोघंही जिंकले, दोघांनी मिळून चहा पाजायचा.

पण रस्ता काय म्हणतो?

इथपर्यंत आपण इंजिनचंच कौतुक केलं. खरी मेख पुढे आहे. इंजिन गाडीला ढकलत नाही. इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता गाडीला पुढे ढकलतो. रस्त्याने ढकलायला नकार दिला, तर हजार हॉर्सपॉवर असली तरी चाक जागच्या जागी फिरेल आणि फक्त रबराचा वास येईल.

रस्ता किती ढकलेल हे घर्षण गुणांकावर आणि चाकावरच्या भारावर ठरतं. कोरड्या चांगल्या डांबरावर गुणांक ०.९ धरू. गाडी सुटते तेव्हा तिचा भार मागच्या चाकांवर सरकतो. पुढून ओढणाऱ्या गाडीचं यात नुकसान होतं, कारण ज्या चाकांनी काम करायचं त्यांच्यावरचाच भार कमी होतो. मागून ढकलणारीचा फायदा होतो. दोन्ही गाड्यांत ६० टक्के भार चालवणाऱ्या चाकांवर आहे असं धरून मी गणित केलं. पुढून ओढणारी गाडी जास्तीत जास्त ०.४६ जीने सुटू शकते, मागून ढकलणारी ०.६५ जीने. इंजिन मागे ठेवायची हौस स्पोर्ट्स कारवाल्यांना उगाच नसते.

वरचे आकडे परत बघा. अवंतीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये ०.७ जी द्यायला तयार आहे, पण रस्ता ०.६५ च घेतो. उरलेलं चाक घसरण्यात जातं.

हीच गोष्ट आपल्या शेजारी रोज घडते आणि आपलं लक्ष जात नाही. कसाऱ्याला जा. थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. हजार टनांची गाडी असेल तर फक्त चढासाठीच २७ टनांचा जोर लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, ग्रिप आधीच कमी, पावसात आणखी कमी. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात. बँकर जास्तीची ताकद देतोच, शिवाय रुळाला धरणारी जास्तीची चाकंही देतो. चाकं घसरू लागली तर रुळावर वाळू सोडायची सोयही इंजिनात असते. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई–शिर्डी वंदे भारत मात्र बँकर न लावता हाच घाट चढते. तिच्या मोटारी एका इंजिनात नसून निम्म्या डब्यांखाली वाटलेल्या आहेत, त्यामुळे खूप चाकं मिळून रूळ धरतात.

मोटारगाड्यांमध्येही तोच मार्ग निघाला. महिंद्रने डिसेंबर २०१५ मध्ये इटलीची पिनिनफरिना घेण्याचा करार केला आणि त्या नावाखाली पुढे बॅटिस्टा ही इलेक्ट्रिक गाडी आली. चार चाकांना चार मोटारी, मिळून १९०० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर १.८६ सेकंदांत. आपला ठोकताळा लावला तर तिला १.३ सेकंदच लागायला हवेत. उरलेलं अर्धं सेकंद कुठे गेलं? टायरच्या ग्रिपमध्ये. तिथे इंजिनची सत्ता संपते आणि रबराची सुरू होते.

जून ते सप्टेंबर

आता आपल्या भागातला पाऊस आणा. डांबर ओलं, वर मुरुम आणि चिखल वाहून आलेला. घर्षण गुणांक ०.४ धरू. तेच गणित परत: पुढून ओढणारी ०.२२ जी, मागून ढकलणारी ०.२६ जी.

कोरड्यात ०.४६ आणि ०.६५. पावसात ०.२२ आणि ०.२६. म्हणजे माळशेजच्या पावसात सुटताना ६० हॉर्सपॉवरची गाडी आणि २५० हॉर्सपॉवरची गाडी जवळजवळ सारखीच. महागडी गाडी घेतली म्हणून रस्ता तिला वेगळी वागणूक देत नाही.

वळणावर तर इंजिनचा संबंधच नाही. ३० मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घ्या. कोरड्यात गुणांक ०.८ धरला तर ताशी ५५ किमीपर्यंत गाडी टिकते, ओल्यात ३९ किमीपर्यंत. सूत्रात गाडीचं वजन नाही, हॉर्सपॉवर नाही आणि कंपनीचं नावही नाही.

ओव्हरटेकचं गणित

शून्य ते शंभर हा आकडा पेपरात छापायला छान, पण आपल्या रस्त्यांवर शून्यापासून शर्यत कोण लावतं? खरं काम पडतं ते ओव्हरटेकला. किन्हवलीवरून सरळगावला निघणारा रस्ता किंवा मुरबाडहून टोकावड्याकडचा रस्ता. पुढे ताशी ५० ने जाणारा ट्रक, दुपदरी रस्ता, आणि आपल्याला ८० पर्यंत जाऊन त्याला मागे टाकायचंय.

५० वरून ८० वर जायला ठोकताळ्याने स्टॉर्मला ६ सेकंद लागतात, अवंतीला २.७. ट्रकच्या मागचं अंतर, ट्रकची लांबी, पुढचं सुरक्षित अंतर आणि आपली गाडी मिळून ट्रकपेक्षा ४० मीटर जास्त कापायचे असं धरू. ८० ला पोचलो की तोच वेग ठेवायचा. समोरून येणारी गाडी ताशी ७० ने येतेय.

स्टॉर्म: पूर्ण ओव्हरटेकला ७.८ सेकंद. तेवढ्यात आपण १४८ मीटर जातो, समोरचा १५२ मीटर येतो. मोकळा रस्ता हवा ३०० मीटर.

अवंती: ६.२ सेकंद. आपण १२५ मीटर, समोरचा १२०. मोकळा रस्ता हवा २४५ मीटर.

मी हे गणित तीनदा तपासलं, कारण मलाच पटेना. चौपट ताकद, कितीतरी जास्त किंमत, आणि रस्ता वाचला फक्त ५५ मीटर! कारण सोपं आहे. ओव्हरटेकमधला बराच वेळ वेग वाढवण्यात जात नाही, ट्रकच्या बाजूने जाण्यात जातो. शिवाय समोरून येणारा आपल्या इंजिनवर अवलंबून नाही, तो त्याच्या वेगाने येतच राहतो. अवंतीवाला ८० ला न थांबता तसाच दाबत राहिला तर आणखी ३५ मीटर वाचतील, पण ओव्हरटेक संपताना तो १०० च्या पुढे असेल, आणि पुढे कुणाची तरी बैलगाडी किंवा शाळेतून सुटलेली पोरं असतील.

माझे बाबा वीस वर्षं छोट्या टेम्पोतून मुरबाडकडचा भाजीपाला कल्याणच्या मार्केटला नेतात. त्यांना त्वरणाचं सूत्र माहीत नाही. त्यांचा नियम असा: "समोर आठ खांब रिकामे दिसले तर काढायची, नाहीतर मागं राहायचं. अन् भरलेली गाडी असली तर काढायचीच नाही." रस्त्याकडेचे विजेचे खांब साधारण पन्नास मीटरला एक. आठ खांब म्हणजे ४०० मीटर. मी त्यांच्या रिकाम्या टेम्पोचा हिशोब केला, १७०० किलो आणि ७० हॉर्सपॉवर धरून. उत्तर आलं सुमारे ३६५ मीटर, म्हणजे सात खांबांच्या थोडं पुढे. वरचं अंतर सेफ्टी फॅक्टर. डिझाईनच्या तासाला सर जे शिकवतात ते बाबांनी न शिकता लावलेलं. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग एवढी फी कशाला भरतोय आपण?"

थांबायचं कसं?

परफॉर्मन्स म्हणजे नुसतं पळणं नाही. थांबणं हाही परफॉर्मन्सच, आणि त्यात त्वरणापेक्षा जास्त फरक पडतो. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर वाढतं. ताशी ८० वरून कोरड्यात ३१ मीटर, ओल्यात ६३. ताशी १०० वरून कोरड्यात ४९, ओल्यात ९८. शिवाय डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी १०० च्या वेगाला आणखी २८ मीटर. वेग ८० चा १०० केला, म्हणजे सव्वापट, पण ब्रेकचं अंतर दीडपटीच्या पुढे गेलं.

माळशेजच्या धुक्याचं गणितही करून टाकू. समोर ३० मीटरच दिसतंय, रस्ता ओला. दिसलेल्या अंतरात थांबता यायला हवं असेल तर जास्तीत जास्त वेग ताशी ४३ किमी. तोही समोरची वस्तू उभी असेल तर. समोरून कुणी येत असेल तर त्यालाही थांबायला जागा लागणार, म्हणजे आपल्या वाट्याला १५ मीटरच आले. हा आकडा स्टॉर्मला लागू, अवंतीला लागू, एसटीला लागू आणि आपल्या बाईकलाही लागू.

बाईकचं नाव मुद्दाम घेतलं. गेल्या पावसाळ्यात आपल्याच होस्टेलचे दोघे माळशेजहून परत येताना घसरले. नावं सगळ्यांना माहीत आहेत, इथे लिहीत नाही. एकाच्या पायात अजून रॉड आहे आणि त्याचं एक सेमिस्टर गेलं. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "गाडी पळत होती रे मस्त, थांबली नाही फक्त." मला हा लेख लिहायचं तेव्हाच सुचलं.

समृद्धीवर तरी?

"मग समृद्धीवर पळवू की!" हे उत्तर मला माहीत होतं. समृद्धी महामार्ग आता आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला. रस्ता ताशी १५० किमीसाठी डिझाईन केलाय, पण कारसाठी परवानगी सपाटीवर १२० आणि घाटात १०० ची. दुचाकीला तर प्रवेशच नाही.

आता गंमत बघा. ताशी १२० ने सरळ सपाट रस्त्यावर चालत राहायला हवेचा आणि टायरचा विरोध मिळून स्टॉर्मला सुमारे २५ हॉर्सपॉवर लागते, अवंतीला सुमारे ३२. म्हणजे स्टॉर्मकडे ३० च्या वर शिल्लक आणि अवंतीकडे २०० च्या वर. एवढी शिल्लक ठेवून करायचं काय? कायद्याच्या आत राहून तरी ती कधीच खर्च होणार नाही. डिझाईनचा वेग आणि परवानगीचा वेग यांच्यातलं अंतर म्हणजे बाबांचा आठवा खांब. ते खर्चायला ठेवलेलं नसतं.

घरचा अभ्यास

आपल्यापैकी कुणाकडेच स्पोर्ट्स कार नाही, त्यामुळे शेवटचं उदाहरण आपल्या वाहनाचं. १२५ सीसीची बाईक, ११ हॉर्सपॉवर, वजन १२० किलो. माणूस ७० किलोचा. शून्य ते साठ, तोच ठोकताळा:

एकटा: ६.४ सेकंद.
डबल सीट: ८.८ सेकंद.
ट्रिपल सीट: ११.२ सेकंद.

ट्रिपल सीट बसलं की टनामागची ताकद स्टॉर्मच्या निम्मीच उरते. मग त्याच ट्रकला ओव्हरटेक करताना किती खांब रिकामे हवेत ते तुम्हीच काढा. तुमच्या गाडीचं वजन आरसी बुकात आहे, हॉर्सपॉवर कंपनीच्या पुस्तकात, माणसांची वजनं जिममध्ये. हे कागदावरच करायचं गणित आहे. रस्त्यावर जाऊन प्रॅक्टिकल करायचं नाही, त्याला मार्क नाहीत.

तर मंडळी, पंचाचा निकाल असा: कोरड्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावर अवंती जिंकली, सव्वादोन पट फरकाने. ओल्या रस्त्यावर सुटताना सामना बरोबरीत. वळणावर, धुक्यात आणि ब्रेकमध्ये दोन्ही गाड्या एकाच रांगेत उभ्या. टॉर्क आणि हॉर्सपॉवर दोन्ही पक्ष बरोबर, त्यामुळे कुणाचीही पैज बुडालेली नाही. वर चहा म्हटलाय तो मात्र लागू आहे.

गणितात कुठे चूक दिसली तर थर्मल लॅबच्या बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवा, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. ट्रिपल सीटचं उत्तरही तिथेच लिहा. आणि पावसाळ्यात माळशेजला जायचं ठरलं असेल, तर कल्याणहून एसटी आहे. खिडकीची जागा मिळाली तर धबधबे बाईकवरून दिसतात त्यापेक्षा छान दिसतात.